मोडेम दिसत नाही? कुणाला?

सिमची फट आहे म्हणजे मोडेम आहे, असं नसतं. एवढं एक वाक्य लॅपटॉपच्या बुडाशी छापून आलं असतं, तर जून-जुलैत मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे वाचले असते.

निकाल लागतात, प्रवेश सुरू होतात आणि अमरावती-अकोल्याच्या दुकानांतून वापरलेले लॅपटॉप घरोघरी जायला लागतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षं राबवून काढून टाकलेली ही यंत्रं असतात. हाडापेराने मजबूत, नव्याच्या मानाने बरीच स्वस्त. नवं विंडोज त्यांना पेलवत नाही, म्हणून कुणीतरी त्यांवर लिनक्स टाकून देतं. मीही तेच सुचवतो. पुढे एक दिवस मुलाला कडेला सिमची फट सापडते. फोनमधलं सिम काढून तो तिच्यात सरकवतो, नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारतो, आणि यादीत शेजाऱ्याच्या वाय-फायशिवाय काही नसतं. मग रात्री फोन येतो, "भाऊ, मोडेम दिसूनच नाही राह्यला!"

मी विचारतो, "कुणाले?"

त्याला ती थट्टा वाटते, पण सगळी दुरुस्ती याच प्रश्नात आहे. विहिरीचं घ्या. शेतात विहीर खोदलेली आहे की नाही, ही एक गोष्ट. तलाठ्याने ती सातबाऱ्यावर चढवली की नाही, ही दुसरी. मोटार बसली का, ही तिसरी आणि वीज आली का, ही चौथी. 'पाणी येत नाही' ही तक्रार चारही वेळा सारखीच ऐकू येते, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मोडेमचंही तसंच. कार्ड खाचेत बसलेलं आहे का? मदरबोर्डने त्याची नोंद घेतली का? लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, त्याचा ड्रायव्हर सापडला का? आणि वर बसलेली मोडेममॅनेजर नावाची सेवा त्याला चालू करते आहे का? लोक चौथ्या पायरीवर उभे राहून बघतात, काही दिसलं नाही की सगळं लिनक्स पुसून पुन्हा टाकायला घेतात. मोटार बंद म्हणून विहीर बुजवून नवी खोदण्यातला हा प्रकार.

हे दुखणं जुनं आहे. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. आपल्या भागात ते पुढे टेलिफोनच्या तारेतून, कर्कश शिट्ट्या मारत आलं. कॉम्प्युटर घेतला की आत पीसीआयच्या खाचेत ५६ केचं एक मोडेम कार्ड बसवून मिळायचं. कुणी हौशी माणूस मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकायचा. पडदा चालायचा, माउस चालायचा, गाणीसुद्धा वाजायची आणि मोडेमचा मात्र पत्ता नाही. दोष लिनक्सला जायचा. खरी गोष्ट अशी होती की त्या कार्डावर अर्धा मोडेम नव्हताच. पुऱ्या मोडेममध्ये दोन कामं करणाऱ्या चिपा असतात. एक तारेवरच्या आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करते, दुसरी संगणकाच्या आज्ञा समजून घेते. भाव पाडण्यासाठी कारखानदारांनी त्यातली एक, कधी दोन्ही काढून टाकल्या आणि ते ओझं संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलं. ओझं वाहणारं सॉफ्टवेअर लिहिलं ते फक्त विंडोजसाठी. अशा कार्डांना विनमोडेम नाव पडलं. मुळात ते एका कंपनीचं व्यापारी नाव, पण डालडासारखं सगळ्यांनाच चिकटलं.

खोक्यावर नाव कुणाचंही असो, आत चिप ल्यूसेंटची, कोनेक्संटची, स्मार्टलिंकची किंवा मोटोरोलाची निघायची. ल्यूसेंटच्या चिपेसाठी लोकांनी धडपडून ड्रायव्हर केले होते. कोनेक्संटच्या चिपेसाठी एका परदेशी कंपनीचा ड्रायव्हर होता. फुकट घेतला तर वेग १४.४ केवर अडकवलेला, पूर्ण वेग हवा तर पैसे मोजा. शहाणा माणूस या भानगडीत न पडता सिरीअल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम आणायचा, कारण त्यात दोन्ही चिपा असत आणि लिनक्स असो की त्याच्यासारखीच दुसरी मुक्त प्रणाली फ्रीबीएसडी, तो पहिल्या फटक्यात चालायचा. मोडेम सापडूनही 'डायल टोन नाही' म्हणून रुसला, तर आज्ञेत एक्स-तीन घालायचं, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवायचा. आपल्या एक्स्चेंजचा टोन त्या परदेशी कार्डांना ओळखू येत नसे. जुन्या एक्स्चेंजवर तर टोनऐवजी पल्सने नंबर लावावा लागे.

आणि वळवाचा पाऊस! मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांत भाजून निघायचं, संध्याकाळी ढग भरून यायचे, वीज टेलिफोनच्या खांबावरून तारेत आणि तारेतून मोडेममध्ये. दुसऱ्या दिवशी कार्ड यादीत दिसायचं, पण मेलेलं. आजही तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड असेल तर आभाळ गडगडायला लागताच प्लगबरोबर फोनची वायरही काढा. प्लग काढून अर्धंच काम होतं.

कुणाकडे अजून तसलं पीसीआय कार्ड असेल आणि त्यावर हट्टाने काही करायचं असेल, तर माझं मत सरळ आहे: सोडून द्या. ते ड्रायव्हर आजच्या कर्नलवर बांधले जात नाहीत. त्या काळाने एक सवय मात्र चांगली लावली. खोक्यावरचं नाव सोडा, चिपेचं नाव शोधा. आजच्या ४जी मोडेमलाही हीच सवय लागू पडते.

तर विहिरीपासून सुरू करू. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. आतच बसवलेली असेल तर थिंकपॅडच्या बायोसमध्ये ती तात्पुरती बंद करण्याचा पर्याय असतो; इतर यंत्रांत झाकण उघडल्याबरोबर आधी तिचा प्लग काढा. मग आत बघा. वाय-फायचं कार्ड लहान, साधारण चौकोनी असतं. मोडेमचं कार्ड त्याहून थोडं लांब आणि रुंद, तीन सेंटिमीटर बाय सव्वाचार. त्यावर स्टिकर असतो: सिएरा वायरलेस, फायबोकॉम, क्वेक्टेल, हुआवे. स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पुढे हाच कामाला येतो.

बऱ्याचदा तिथे काहीच नसतं. कंपन्या एकच सांगाडा सगळ्या गिऱ्हाइकांसाठी करतात आणि मोडेम फक्त ज्यांनी मागितला त्यांनाच बसवतात. फट सगळ्यांच्या सांगाड्याला असते. कधी फटीत सिमच्या आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तो सिम नव्हे, धूळ अडवणारं बूच आहे. कधी खाच भरलेली दिसते, पण तिच्यात कुणीतरी छोटी एसएसडी बसवलेली असते. आणि कधी खाच रिकामी असते, पण कार्ड आणून बसवावं तर अँटेनाच्या वायरी नाहीत. थिंकपॅडमध्ये मोडेमच्या दोन बारीक वायरी बहुधा लाल आणि निळ्या असतात, वाय-फायच्या काळ्या आणि करड्या. लाल-निळ्या नसतील तर त्या पडद्याच्या आतून फिरवायला सगळा लॅपटॉप उसवावा लागतो. त्या फंदात पडू नका.

रिकाम्या खाचेसाठी कार्ड विकत घेणार असाल तर आणखी एक. जुन्या थिंकपॅडांच्या बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की यंत्र १८०२ क्रमांकाची चूक दाखवून तिथेच थांबतं. एचपीच्या काही जुन्या यंत्रांतही असाच पहारा आहे, तिथे आकडा १०४ असतो. हा अडथळा लिनक्स सुरू व्हायच्या आधीचा आहे, म्हणून लिनक्समध्ये त्याच्यावर उपाय शोधत बसू नका. आपल्या मॉडेलसाठी त्याच कंपनीने दिलेलं कार्डच घ्या.

कार्ड आहे, वायरी आहेत, तरी दिसत नाही. मग बायोस. थिंकपॅडला सुरू होताना एफ-१, डेलला एफ-२, एचपीला एफ-१०. आत वायरलेस वॅनचा पर्याय कुठेतरी असतो. थिंकपॅडमध्ये सुरक्षेच्या पानावर, पोर्टांच्या यादीत. ज्या कंपनीतून लॅपटॉप निघाला, तिथल्या संगणक विभागाने तो मुद्दाम बंद करून ठेवलेला असणं नवलाचं नाही. जुन्या डेलला कडेला एक छोटा सरकता खटका असतो, तोही बघून घ्या. मी स्वतः एकदा पाऊण तास आज्ञा देत बसलो होतो आणि खटका बंद होता.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजच्या जलद सुरुवातीच्या सोयीवर पहिला संशय घ्या. 'शट डाउन' म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं आणि जाताना कार्डही झोपवून जातं. मग लिनक्स आलं की कार्ड हाकेला ओ देत नाही. वाय-फायची अनेक कार्डंही अशीच गायब होतात. शिफ्टची कळ दाबून धरून विंडोज बंद करा, किंवा ती सोय कायमची काढा. एवढ्यानेही जागं झालं नाही तर चार्जर आणि बॅटरी काढून चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बॅटरी निघत नसेल तर कित्येक थिंकपॅडांच्या पोटाला टाचणी जाईल एवढं छिद्र असतं. चार्जर काढून त्यात क्लिपचं टोक काही सेकंद दाबायचं. साधा उपाय आहे, पण अडकलेलं कार्ड यानेच सुटल्याचं मी बरेचदा पाहिलं आहे.

आता सातबारा. अकोल्याचे लोक 'येतोच लॅपटॉप घेऊन' म्हणून माझ्याकडे सहज निघतात. निघण्याआधी दोन आज्ञा टाइप करा, कदाचित पेट्रोल वाचेल. मी फोनवर सांगतो तशाच इथे देतो. सगळी अक्षरं इंग्रजी छोट्या लिपीतली, मध्ये जागा फक्त सांगतो तिथेच.

पहिली: एल-एस-यू-एस-बी. दुसरी: एल-एस-पी-सी-आय, मग एक जागा, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून एन, एन, के.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याहून कृषी पदवीच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "काका, कमांड नॉट फाउंड म्हणतंय." मी म्हटलं, अक्षरं वाचून दाखव. तिने वाचली आणि सगळी बरोबर. दोन-तीनदा झालं. शेवटी लक्षात आलं, ती 'एल'च्या जागी आकडा एक टाइप करत होती. पडद्यावर दोन्ही उभ्या रेघाच. ते सुधारल्यावर यादी आली. तिला विचारलं, ११९९ ने सुरू होणारी ओळ आहे का? "नाही." पुन्हा आज्ञा दे. "आली! ११९९, मग दोन टिंबं, ९०७९." अजून एकदा दे. "गेली."

११९९ हा सिएरा वायरलेसचा क्रमांक आणि ९०७९ हे त्यांचं ईएम७४५५ नावाचं कार्ड. यादीत येणं-जाणं म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्न नाही, हे तिथेच कळलं. ड्रायव्हर नसला तरी नाव यादीत येतं, आणि एकदा आलेलं टिकतं. मग तिला सुडो लिहून पुढे डी-एम-ई-एस-जी द्यायला सांगितलं. कर्नल सुरू झाल्यापासून स्वतःशी जे पुटपुटत असतो ते सगळं यात दिसतं. शेवटच्या ओळींत तेच वाक्य पुन्हा पुन्हा होतं, उपकरणाची माहिती वाचता आली नाही, चूक उणे ७१. हा आकडा, किंवा उणे ११०, दिसला की सॉफ्टवेअर सोडा आणि पिना बघा. कार्ड आणि खाच यांच्यात संपर्क नीट नाही किंवा वीज पुरेशी पोचत नाही.

"लॅपटॉप कुठे असतो?"

"कूलरसमोर. नाही तर लय तापते ना काका."

कूलरची ओली हवा आणि एप्रिलची धूळ, पिनांवर थर बसायला आणखी काय हवं? तिने कार्ड काढलं, सोनेरी पिनांवर पांढरा स्वच्छ खोडरबर एका दिशेने हलका फिरवला, भुगा ब्रशने झाडला, पुन्हा घट्ट बसवून स्क्रू आवळला. अँटेनाच्या टिकल्या बोटाने दाबून 'टक्' आवाज आला की बसल्या. जबरदस्ती केली तर त्या वाकतात आणि मग काम वाढतं. यादीतली ओळ त्यानंतर हलली नाही. खर्च खोडरबराचा. लॅपटॉप कूलरच्या झोतापासून बाजूला ठेवायला सांगितलं, ते तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

नोंद पक्की झाली पण मोडेम तरी नाही, तर मोटारीकडे वळा. दुसऱ्या आज्ञेच्या, म्हणजे एलएसपीसीआयच्या यादीत प्रत्येक उपकरणाखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे याची ओळ असते. ती ओळच नसेल तर उपकरण सापडलं आहे, सांभाळणारा नाही. फ्रीबीएसडीवाल्यांची सोय इथे जास्त छान आहे. तिथे पीसीआयकॉन्फला आडवी रेघ, एल, व्ही दिलं की बेवारस उपकरणापुढे सरळ 'नन' असं लिहून येतं. यूएसबीसाठी तिथे यूएसबीकॉन्फिग.

इथे एक सापळा सांगायलाच हवा. २०१८ च्या आसपासच्या कित्येक थिंकपॅडांत फायबोकॉमचं एल८५०-जीएल नावाचं कार्ड आहे. ते यूएसबीच्या यादीत शोधाल तर नाही सापडणार. पीसीआयच्या यादीत ८०८६:७३६० म्हणून बसलेलं असतं, आणि त्या अवस्थेत जुन्या कर्नलमध्ये त्याला ड्रायव्हर नाही. त्याच्या पुढच्या भावंडासाठी कर्नल ५.१४ पासून ड्रायव्हर आला, तो पुढे या कार्डालाही ओळखू लागला, म्हणून लोक कर्नल नवा करतात, पण तेवढ्याने नेट सुरू होईलच असं नाही. नाही झालं तर दोन वाटा: बाहेरून मिळणारा ड्रायव्हर स्वतः बांधायचा, किंवा कार्डाला यूएसबीच्या चालीवर आणायचं. दोन्ही वाटा चिकाटीच्या आहेत. पहिलीवर सिक्युअर बूट चालू असेल तर बांधलेला ड्रायव्हर कर्नल नाकारतो, आधी ते बंद करा. यात एक सुट्टीचा दिवस घालवायची तयारी नसेल तर हे कार्ड असलेला लॅपटॉप 'सिमवाला' म्हणून जास्त पैसे देऊन घेऊ नका.

कर्नलच्या पुटपुटण्यात फर्मवेअर चढवता आलं नाही, चूक उणे २, असं आलं तर हरखून जा. हा सगळ्यात सोपा आजार आहे. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. वाय-फायच्या कार्डांत हे फार दिसतं. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांत मुक्त परवाना नसलेलं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते सोबतच येतं. फर्मवेअरचं पॅकेज उतरवायला नेट हवं आणि नेट नाही म्हणून तर हा खटाटोप, अशी कोंडी झाली तर फोन यूएसबी केबलने लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला त्यासाठी वेगळं काही लागत नाही.

ड्रायव्हर बसला आणि तरी नेटवर्कच्या चिन्हात मोबाइल ब्रॉडबँड दिसत नसेल, तर वीज बघायची. आर-एफ-के-आय-एल-एल, जागा, लिस्ट. यात दोन प्रकारचे अडसर दिसतात. 'सॉफ्ट' म्हणजे सॉफ्टवेअरने लावलेला, तो आज्ञेने निघतो. 'हार्ड' म्हणजे खटका, कळ किंवा बायोस. त्याच्यापुढे आज्ञा चालत नाही. मग एम-एम-सी-एल-आय, जागा, आडवी रेघ आणि मोठं एल. मोडेममॅनेजरला मोडेम दिसत असेल तर त्याचं नाव इथे येतं. आज्ञाच सापडली नाही तर ते पॅकेज बसवलेलं नाही. काही हलक्या लिनक्समध्ये ते नसतं.

नाव दिसतं, पण चालू करायला गेलं की मोडेम नकार देतो, हा अनुभव आला तर घाबरू नका, मोडेम बिघडलेला नाही. अमेरिकेच्या दूरसंचार नियमांसाठी लॅपटॉप कंपन्या मोडेमला एक कुलूप घालून देतात. विंडोजमधला त्यांचा ड्रायव्हर ते गुपचूप उघडतो. लिनक्समध्ये मोडेममॅनेजरही पूर्वी आपणहून उघडायचा, १.१८ च्या मालिकेपासून तो ही जबाबदारी वापरणाऱ्यावर सोडतो. किल्ल्या सोबत दिलेल्या असतात, 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मध्ये मोडेममॅनेजरच्या फोल्डरात, फाइलचं नाव म्हणजे कार्डाचा तोच क्रमांक. आपल्या क्रमांकाच्या फाइलची जोडणी 'ईटीसी'मधल्या मोडेममॅनेजरच्या एफसीसी-अनलॉक फोल्डरात करायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. त्या विद्यार्थिनीच्या कार्डाची फाइल तिथे आयती होती. पिना साफ झाल्यावरही अर्धा तास जो नकार येत होता, तो या एका जोडणीने गेला.

आता शेवटची, पण आपल्या भागात हमखास नडणारी गोष्ट. वापरलेले कित्येक लॅपटॉप अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेले असतात आणि त्यांतले मोडेम तिथल्या लहरींसाठी. ईएम७४५५ ला बँड ३ आणि ५ ऐकू येतात, पण ८, २८ आणि ४० नाही. जिओ ३, ५ आणि ४० वर चालतं, म्हणजे शहरात भागून जातं. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ वर जिथे आहे, तिथे हे कार्ड बहिरं. धारणी-चिखलदऱ्याकडे कामाला असणाऱ्यांनी आधी आपल्या गावात कुणाचा टॉवर कोणत्या बँडवर आहे ते फोनमधल्या एखाद्या नेटवर्क दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहावं, मग कार्डाच्या नावापुढे 'एलटीई बँड' लिहून शोधावं. आशियासाठी केलेलं ईएम७४३० आहे, त्याला ८, २८ आणि ४० तिन्ही कळतात. दिसायला दोन्ही सारखीच, स्टिकरवरचा आकडा तेवढा वेगळा.

सिम घालतानाही जपा. काही लॅपटॉपांची फट मायक्रो सिमची असते आणि आपल्या हातात नॅनो. प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवून घातलेलं नॅनो सिम बाहेर काढताना पिनांत अडकतं आणि पिनाच ओढून काढतं. चौकटीला मागून पातळ चिकटपट्टी लावली तर हा धोका कमी होतो. जोडणी करताना एपीएन विचारलं तर जिओचं 'जिओनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट'. सिमला पिन लावलेला असेल तर तो आधी फोनमध्ये काढून टाका.

कुठे थांबायचं हेही सांगतो. आत मोडेमच नाही, किंवा वायरी नाहीत, किंवा कार्ड त्या सापळ्यातलं निघालं, तर फोनचा हॉटस्पॉट किंवा यूएसबी डोंगल हाच व्यवहार आहे. कार्ड बसलेलं आहे, यादीत दिसतं आहे आणि बँड जुळतो आहे, तर मात्र एक संध्याकाळ द्या. लिनक्स पुन्हा टाकू नका. संशय फिटत नसेल तर पेनड्राइव्हवरून दुसरं एखादं लिनक्स न बसवता नुसतं चालवून बघा. तिथेही कार्ड दिसलं नाही तर तुमच्या बसवलेल्या लिनक्सचा दोष जवळजवळ नाहीच.

आणि तरीही मला किंवा दुसऱ्या कुणाला विचारायची वेळ आली, तर 'मोडेम चालत नाही' एवढंच लिहून पाठवू नका. लॅपटॉपचं मॉडेल, कार्डाचा स्टिकर, आणि एलएसयूएसबी, एलएसपीसीआय व डीएमईएसजी या तिन्ही आज्ञांनंतर पडद्यावर जे येईल त्याचे फोटो पाठवा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, आकडे वाचता आले पाहिजेत.